कोडी सुटतात, मग डावात गट का मरतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ९ क्यूच्या, म्हणजे मधल्या हौशी पातळीच्या, आसपास गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळता. गेलं वर्षभर रोज वीसेक जीवन-मरणाची कोडी, म्हणजे त्सुमेगो, फोनवर सोडवताय. चारांतली तीन बरोबर येतात. तरी प्रत्यक्ष डावात तुमचे गट मरतात, आणि समोरच्याचे जे मरायला हवेत ते जगून जातात. अवघड कोड्यापुढे पंधरा मिनिटं बसून काहीच सुचत नाही तेव्हा उत्तर बघावं का, आणि रोजची संख्या वीसवरून पन्नासवर न्यावी का, हे तुम्ही विचारलंय.

संख्येचं नंतर बघू. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, मला तेच जास्त महत्त्वाचं वाटलं: पहिली खेळी बहुतेक वेळा लगेच दिसते, पुढचं अ‍ॅप खेळतंच. दुखणं नेमकं तिथे आहे. तुम्ही मोक्याच्या बिंदूवर बोट ठेवता, अ‍ॅप त्यावर एक खेळी करतं, तुम्ही तिला उत्तर देता, हिरवी खूण येते. समोरच्याचा सगळ्यांत चिवट प्रतिकार कोणता, हे शोधण्याचं काम अ‍ॅपने परस्पर करून टाकलेलं असतं. डावात ते काम तुमच्याकडेच असतं आणि त्याची तुम्हाला सवयच नाही. वर्षभरात तुम्ही अंदाज बांधायला शिकलात, तोही चांगला शिकलात. खात्री करून घ्यायला शिकायचं राहिलं. मी कोडं सुटलं असं तेव्हाच म्हणतो, जेव्हा समोरच्याच्या प्रत्येक शहाण्या उत्तराला माझ्याकडे उत्तर असतं, आणि ते सगळं पटाला हात लावण्याआधी डोक्यात तयार असतं.

पुढे जे लिहितोय ते हौशी ३ दान पातळीच्या (दान म्हणजे क्यूच्या वरची श्रेणी) आणि बरीच वर्षं शिकवणाऱ्या माणसाचं मत आहे. व्यावसायिक होऊ पाहणाऱ्या मुलांची शिस्त वेगळी असते. ती मुलं दिवसाचे कित्येक तास यात घालवतात. तुमच्याकडे रोज अर्धा तास आहे असं धरून मी बोलतोय. दहाच मिनिटं असतील तर काही गोष्टी सोडून द्याव्या लागतील. तुम्ही एका खेळीला दहा सेकंद असे झटपट डाव खेळत असाल तर वाचनापेक्षा, म्हणजे पुढच्या खेळ्या डोक्यात बघण्यापेक्षा, पाठ असलेले आकार जास्त कामी येतील. निवांत डाव खेळत असाल तर उलट.

आता एक उदाहरण घेऊ, म्हणजे खात्री करणं म्हणजे काय ते दिसेल. पटाचा डावीकडचा खालचा कोपरा डोळ्यांसमोर आणा. उभ्या रेघांना क, ख, ग, घ म्हणू. आडव्या रेघांना खालून १, २, ३. काळ्याच्या सोंगट्या क३, ख३, ग३, घ३, घ२ आणि घ१ वर आहेत. आत दोन रांगांत तीन-तीन अशी सहा बिंदूंची मोकळी जागा आहे. बाहेरून पांढऱ्याने गट पूर्ण वेढलाय, बाहेर एकही लिबर्टी, म्हणजे गटाला लागून असलेला मोकळा बिंदू, नाही; सगळ्या लिबर्टी संपल्या की गट उचलला जातो. पाळी पांढऱ्याची. काळा मरतो का?

नवशिक्या म्हणतो, सहा बिंदू म्हणजे भरपूर जागा, जगला. तुमच्या पातळीचा खेळाडू ख२ वर बोट ठेवतो. बोट बरोबर जागी पडलंय. काळा ख१ खेळतो, पांढरा क२. इथे थांबा. बहुतेकांचं वाचन इथे "मेला वाटतं" असं म्हणून संपतं. "वाटतं" हा शब्द डोक्यात आला की मी स्वतःची बाजू सोडतो आणि काळ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. मी काळा असतो तर गट कसा वाचवला असता?

सगळ्यांत सुंदर दिसते ती ग२. तिने ग१ वर पक्का डोळा (आपल्याच सोंगट्यांनी वेढलेली रिकामी जागा; असे दोन असले की गट जगतो) तयार होतो, आणि पुढच्या खेळीला क१ वर बसून पांढऱ्याच्या दोन सोंगट्या उचलायची धमकीही आहे. पण मोजून बघा. ग२ खेळल्यावर त्या अख्ख्या भिंतीला एकच लिबर्टी उरते, ग१. पांढरा तिथेच उडी मारतो आणि सात सोंगट्या एकदम उचलतो. मग काळा ग१ खेळला तर? पांढरा ग२. काळा क१ वर बसून तीन पांढऱ्या सोंगट्या उचलतो, क्षणभर बरं वाटतं, आणि पांढरा त्या रिकाम्या झालेल्या सरळ तीन बिंदूंच्या मधोमध, म्हणजे ख२ वर, पुन्हा बसतो. संपलं. उरली क१. तिला पांढऱ्याची ग१: क१ आणि ख१ दोन्ही जातात, आणि काळ्याला ग२ वर बसताही येत नाही. तीन उत्तरं, तिन्ही फेल. काळ्याने दुसऱ्या खेळीत ख१ ऐवजी क२, ग१ किंवा ग२ निवडलं तरी मरण चुकत नाही. ते तुम्ही स्वतः वाचा, चांगला व्यायाम आहे.

आता हाच कोपरा, याच सोंगट्या, फक्त बाहेर काळ्याला तीन लिबर्टी मोकळ्या आहेत. त्याच खेळ्या: ख२, ख१, क२, आणि काळा ग२. पांढऱ्याला ग१ वर आता बसताच येत नाही, कारण तिथे त्याच्या सोंगटीला लिबर्टी नाही आणि ती काही उचलतही नाही. काळा पुढे क१ वर बसतो आणि दोन डोळ्यांनी मजेत जगतो. आतला आकार तसाच आहे, मोक्याचा बिंदू तोच आहे, निकाल मात्र उलटा. बोट ठेवून उत्तर देणारा माणूस दोन्ही वेळा ख२ म्हणेल आणि अ‍ॅपने पहिलंच कोडं दाखवलं तर पूर्ण गुण घेईल.

तुमचे डावातले गट असेच जात असणार. कोड्यात चित्र नीट कापून समोर ठेवलेलं असतं. डावात भिंतीला कुठेतरी भोक असतं, बाहेर एक लिबर्टी जास्त किंवा कमी असते, एखादी सोंगटी आतारीत, म्हणजे एकच लिबर्टी उरलेल्या अवस्थेत, सापडणारी असते. म्हणून कोणतंही कोडं सुरू करण्याआधी मी बाहेरून आत येतो: लिबर्टी किती, कापता येण्याजोग्या जागा कुठे, बाहेर पळून जायची फट आहे का. वीस सेकंद लागतात. आतल्या डोळ्यांकडे त्यानंतर बघायचं.

आतलं बघताना मात्र काही गोष्टी वाचायच्या नसतात, माहीत असायच्या असतात. आतल्या रिकाम्या बिंदूंचे आकार बघा. सरळ तीन आणि वाकडे तीन: जो मध्ये बसेल त्याचं. सरळ चार: जिवंत. चौकोनी चार: मेलेला, स्वतःची पाळी असली तरी. मध्ये एक आणि भोवती तीन असे चार, गठ्ठ्यासारखे पाच, फुलीसारखे पाच: मोक्याचा एकच बिंदू, ज्याची पाळी त्याचं. कडेला, कोपऱ्यापासून दूर, दुसऱ्या रेघेवर सहा सोंगट्यांची रांग मरते, आठांची जगते, सातांचं पाळीवर अवलंबून. कोपऱ्यात तोच हिशोब चार आणि सहा. हे पाढ्यांसारखं आहे. सात आठे छप्पन्न कोणी बोटांवर मोजत नाही, आणि ज्याला मोजावं लागतं तो मोठ्या गुणाकारात दमतो. तुमच्या रोजच्या वीस सोप्या कोड्यांचा खरा उपयोग इथे आहे, त्यामुळे ती बंद करू नका. फक्त ती पाच ते सात मिनिटांत उरका. दहा सेकंदांत दिसलं नाही तर ते कोडं तुमच्यासाठी सोपं नाही, बाजूला ठेवा.

पाढ्यांत आणखी एक ओळ घाला, जी फारच कमी जण पाठ करतात. दोन गटांची मारामारी असते तेव्हा मोठ्या डोळ्याच्या लिबर्टी आतल्या बिंदूंएवढ्या नसतात. आत अजून कोणी शिरलेलं नसताना तीन बिंदूंचा डोळा तीनच लिबर्टी देतो, पण चारांचा पाच, पाचांचा आठ, सहांचा बारा. कारण समोरचा आत सोंगट्या भरत जातो, त्या उचलल्या जातात आणि त्याला पुन्हा भरायला लागतं. हे मी एका स्पर्धेत फार महाग शिकलो. समोरच्याचा गट पाच बिंदूंच्या डोळ्यावर उभा होता, मी पाच मोजले, माझ्या सहा होत्या, म्हणून मी खुशाल दुसरीकडे एक मोठी जागा घेतली. तो शांतपणे माझ्या लिबर्टी भरत राहिला. तिसऱ्या-चौथ्या खेळीला मला आठाचा आकडा आठवला. उशीर झाला होता, आणि बाजूला उभ्या असलेल्या दोन मित्रांच्या चेहऱ्यांवरून त्यांना तो माझ्याआधीच आठवला होता हे कळत होतं.

आता अवघड कोड्यांकडे. पंधरा मिनिटं काहीच सुचत नाही, असं तुम्ही म्हणता. त्या पंधरा मिनिटांत नेमकं काय करता, हा माझा उलट प्रश्न आहे. विद्यार्थ्यांना मी मोठ्याने वाचायला लावतो, तेव्हा बहुतेक वेळा दिसतं ते असं: पहिली खेळी बघितली, दोन खेळ्या पुढे गेले, धूसर झालं, परत आले, दुसरी बघितली, धूसर झालं, परत पहिली. गोल गोल. पंधरा मिनिटांत तीच फांदी सहा वेळा अर्धी वाचून होते. यावर माझा उपाय अगदी साधा आहे. सुरुवातीला शक्य वाटणाऱ्या खेळ्या मोजून घ्यायच्या: चार आहेत, अमुक, अमुक, अमुक, अमुक. मग एक घ्यायची आणि तिचा निकाल लावल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. निकाल म्हणजे एक छोटं वाक्य: ही फेल, कारण समोरचा कोपऱ्यातून आतारी देतो. कारण सांगता आलं नाही तर ती फेल झालेली नाही.

त्या "कारण"वर जरा थांबतो, कारण बहुतेक अवघड कोडी तिथेच सुटतात. समजा एक खेळी छान आहे, पण समोरचा एका विशिष्ट बिंदूवर येऊन ती मोडतो. मग पहिल्यांदा तो बिंदूच आपण घेतला तर? किंवा आधी एक अशी खेळी सरकवली की त्या बिंदूवर त्याला बसताच येणार नाही? समोरच्याचा मोक्याचा बिंदू तो आपलाही, ही जुनी म्हण याच अर्थाने खरी आहे. फसलेली खेळी कचऱ्यात टाकायची नसते. ती फसण्याचं कारण पुढची खेळी सुचवते. त्याच खेळ्या, फक्त क्रम उलटा, एवढ्यानेही कितीतरी कोडी उलगडतात.

पहिली खेळी कोणती बघायची, यावर मी फार कर्मकांड करत नाही. मारायचं असेल तर आधी बाहेरून जागा आक्रसून बघतो, हाने करून, म्हणजे समोरच्याच्या सोंगटीच्या टोकाला वळसा घालून. ते पुरलं नाही तर आत मर्मावर जातो. कोपऱ्यात २-१ चा बिंदू (वरच्या उदाहरणातले ख१ किंवा क२) प्रत्येक वेळी यादीत असतो, पटो न पटो. आणि एखादी खेळी इतकी मूर्ख दिसत असेल की यादीत घ्यायची लाज वाटते, तर ती नक्की घ्या. कोडं रचणाऱ्याला तुमची लाज माहीत असते.

धूसर होण्याबद्दल. चार-पाच खेळ्यांनंतर सोंगट्या मनातून पुसल्या जातात, ही सगळ्यांचीच तक्रार आहे, माझीही. उचलल्या गेलेल्या सोंगट्यांच्या जागी पुन्हा कोणी बसलं की तर सगळंच चित्र फुटतं; वरच्या उदाहरणात तीन सोंगट्या उचलल्यावर ख२ ची खेळी ज्यांना दिसली नाही, त्यांना याचा अनुभव आलाच असेल. मी एक करतो: प्रत्येक दोन खेळ्यांनंतर थांबून लिबर्टी मोजतो. लिबर्टी मोजायला सोंगट्या "दिसाव्या" लागतात, त्यामुळे चित्र आपोआप पक्कं होतं. नुसतं "तो इथे, मी इथे, तो इथे" असं घाईत म्हटलं तर चित्र कधीच पक्कं होत नाही.

उत्तर बघावं का? मी असं करतो: दहा मिनिटं, नीट, यादी करून. सुटलं नाही तर कोडं ठेवून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी ते मिनिटात दिसतं. मेंदूने रात्री काय केलं कोण जाणे. तिसऱ्या दिवशीही अडलं तर खुशाल उत्तर बघा, त्यात कमीपणा नाही. पण बरोबर खेळीआधी तुमची खेळी कशी मोडते ते बघा. ते तुमचं तुम्हाला आधीच माहीत होतं का, हा खरा गुण. काही शिक्षक उत्तरं अजिबात बघू देत नाहीत. त्यांच्या हाताखाली मजबूत खेळाडू तयार होतात हे मान्य. पण नोकरीधंदा सांभाळून खेळणारा माणूस त्या वाटेने सहा महिन्यांत कोडी सोडून देतो, असंही मी पाहिलंय.

आणि फार अवघड कोड्यांच्या नादी लागू नका. जपानात १७१३ मध्ये इनोउए दोसेत्सु इनसेकी यांनी संकलित केलेला इगो हात्सुयोरोन हा संग्रह व्यावसायिकांनाही घाम फोडतो; त्यातल्या १२० व्या कोड्यावर आजही काथ्याकूट चालू आहे. तो चाळायला मजा येते. तुमचे डाव त्याने सुधारणार नाहीत. दहा मिनिटांत निम्मी सुटतील अशी कोडी तुमच्या कामाची. सगळीच सुटत असतील तर सोपी, पाचातलं एकही सुटत नसेल तर घाई झाली.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण डावातल्या मरणाशी तिचाच सगळ्यांत जवळचा संबंध आहे. कोड्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, काळ्याने खेळून जगावं. अर्ध उत्तर तिथेच मिळालं: काहीतरी करता येतं, आणि पाळी तुमची आहे. डावात असं कोणी सांगत नाही. तिथला प्रश्न असतो की या गटाला आत्ता खेळीची गरज आहे का. म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी शीर्षक झाकून कोडी बघा आणि आधी निवाडा द्या: जिवंत, मेलेला, पाळीवर अवलंबून, को (एकच सोंगटी आलटून पालटून उचलायची झुंज) किंवा सेकी (दोघांचे गट एकमेकांना मारू न शकता जगतात). दोन्ही रंगांनी पहिली खेळी करून बघायची. डावातही दुसरीकडे खेळायच्या आधी एकच वाक्य मनात म्हणायचं: मी इथून हात काढला तर तो कुठे बसेल? माझ्या एका विद्यार्थिनीने दुसरं काहीही न बदलता फक्त हे वाक्य लावून घेतलं आणि तिचे गट मरायचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं घटलं. नियमांचंही एक टोक इथे येतं. कोपऱ्यातले वाकडे चार हा आकार जपानी नियमांत डाव संपल्यावर मेलेलाच धरतात. चिनी नियमांत वाद झाला तर तो खेळून दाखवावा लागतो. कोणत्या नियमांनी खेळताय ते माहीत असू द्या.

संगणकाला विचारावं का, असंही पुष्कळ जण विचारतात. काटागोसारखा प्रोग्रॅम तुमच्या आणि माझ्या वाचनापेक्षा कितीतरी पुढे आहे, हरलेला डाव तपासायला जरूर वापरा. डोळे मिटून मात्र विश्वास ठेवू नका. २०२३ मध्ये एका हौशी खेळाडूने त्याच प्रोग्रॅमला पंधरा डावांत चौदा वेळा हरवल्याची बातमी आली होती. युक्ती अशी की आपला एक छोटा गट प्रोग्रॅमला वेढू द्यायचा, मग त्या वेढ्याच्या कड्यालाच बाहेरून हळूहळू घेरायचं. आपला कड्यासारखा गट मरतोय हे प्रोग्रॅमला वेळेत कळत नव्हतं. एवढा मोठा वाचणारा, आणि गट जिवंत आहे असं गृहीत धरून बसला. दुसरं म्हणजे प्रोग्रॅम खेळी दाखवतो, कारण सांगत नाही. कारणाचं वाक्य तुम्हालाच बनवावं लागेल.

तर संख्येबद्दल. पन्नास करू नका. अर्ध्या तासात सोपी पंधरा-वीस झटपट, मग अवघड दोनच, पूर्ण निकालासह. ती दोन कोडी तुम्हाला कंटाळवाणी वाटतील, पहिले तीन-चार आठवडे अ‍ॅपवरचा टक्काही घसरेल, कारण तुम्ही अंदाजाने बोट ठेवणं थांबवलेलं असेल. घसरू द्या. अ‍ॅपमध्ये पहिल्या खेळीआधी समोरच्याचं सगळ्यांत चिवट उत्तर आणि त्यावरचं तुमचं उत्तर मनात ठरवा, मगच बोट लावा. अ‍ॅप वेगळंच काही खेळलं तर ते तुमच्या यादीत होतं का ते बघा. नव्हतं, तर हिरवी खूण आली तरी ते कोडं चुकलं असं धरायचं.

आणि वर उदाहरणात घेतलेल्या कोपऱ्याचं एक मुद्दाम सांगितलेलं नाही. बाहेर लिबर्टी नसेल तर मरतो, तीन असतील तर जगतो. नेमकी एक असेल तर? पटावर मांडू नका, अ‍ॅपला विचारू नका, डोक्यातच वाचा. निवाडा आणि त्याचं कारण लिहून पाठवा, मग त्यावर बोलू. जमलं तर तुमचा गट मेला असा अलीकडचा एक डावही पाठवा, तुम्हाला तो गट जिवंत वाटत होता ती खेळी खूण करून.